चौदा आणि सतराच्या मधे

पुस्तक मामाच्या पेटीत होतं, लोकरी मोज्यांखाली.
कुठल्याशा जपानी ट्रॉलरवरच्या खलाशाने
एका बाटलीच्या बदल्यात दिलेलं, असं आई म्हणायची.
अक्षर एक कळेना. चित्रं बत्तीस:
पांढऱ्या कपड्यातला एक बुटका माणूस
माझ्याकडे तोंड करून उभा.
पंधरा-सोळा नंबरची पानं
खाऱ्या पाण्याने एकमेकांना चिकटलेली.

आमच्या बेटावर माणसं अकरा, मेंढ्या सहाशे.
होडी आठवड्यातून तीनदा, तीही समुद्राची मर्जी असेल तर.
गुरू कुठून आणायचा?
माझं वय तेव्हा एकोणचाळीस,
गुडघा सामनच्या पिंजऱ्यावर घसरून एकदा दुखावलेला.

फेरोत मांस सुकवायची खोपटं असतात,
फळ्यांमध्ये बोटभर फटी, वाऱ्याला आत येता यावं म्हणून.
तिथे टांगलेल्या मेंढ्यांच्या रांगेसमोर
मी कमरेत वाकायला शिकलो.
ऑक्टोबरात त्या जड असत, एप्रिलपर्यंत सुकून हलक्या.
म्हणजे माझे प्रतिस्पर्धी दर महिन्याला रोडावत जायचे
आणि मला वाटायचं, मीच तगडा होतोय.

चुकलं तर सांगणारं कोणी नव्हतं.
चुकलं नाही तरी सांगणारं कोणी नव्हतं,
आणि ते जास्त अवघड.
श्वास कधी सोडायचा? चित्राला श्वास नसतो.
वाऱ्याला विचारावं, तर तो फटीतून जे म्हणायचा
ते दर वेळी वेगळं.

चौदाव्या चित्रात मूठ छातीशी.
सतराव्यात तो पाठमोरा, एक पाय हवेत.
मधे काय झालं?
वाफ धरून पाहिली, सुरी घालून पाहिली,
पान फाटायला लागलं तसा हात आखडला.
शेवटी तिथे मी नुसता थांबायचो,
एक लाट येऊन परत जाईल इतका वेळ.
मग वळायचो.

चार वर्षांनी सुन्वा दारात येऊन उभी राहिली. आठ वर्षांची.
बेटावरचं एकुलतं एक मूल, शाळेत एकटी, खेळात एकटी.
"रोग्वी, तू मेंढ्यांशी का भांडतोस?"
भांडत नाही, म्हटलं, शिकतोय.
ती समोर आली, माझ्याकडे तोंड केलं
आणि मी करेन ते करू लागली.
चार हिवाळे.

मग तोर्शाव्नला, एका व्यायामशाळेत,
बायन्ता नावाची बाई, काळा पट्टा, नाकाचं हाड मोडलेलं.
माझा काता पाहून बराच वेळ बोलली नाही.
मग म्हणाली, "सगळं आहे. पण उलटं आहे.
डावं ते उजवं, उजवं ते डावं.
आरशात बघून शिकलास का?"
मी म्हटलं, पुस्तकातला माणूस माझ्याकडे तोंड करून होता.
ती हसली नाही, हे तिचे उपकार.

मग सुन्वाने केला.
बायन्ता खुर्चीवरून उठली.
"हिला कोणी शिकवलं?"
सुन्वाने माझ्याकडे बोट दाखवलं.
उलट्याचं उलटं होऊन
पोरीच्या अंगात सगळं सुलट उतरलं होतं.
फक्त चौदाच्या पुढे ती थांबली,
एक लाट येऊन परत जाईल इतका वेळ.
"हे काय?"
"पान चिकटलंय," सुन्वा म्हणाली.

पंधरा आणि सोळा बायन्ताने दाखवले.
एक पाऊल मागे. एक वळण.
बस्स.
आठ वर्षं मी तिथे काय काय कल्पिलं होतं.

आता संध्याकाळी खोपटात
मी सुन्वाच्या पाठीमागे उभा राहतो.
तिचा डावा तो माझा डावा.
हात अजून चुकीच्या बाजूने उठतो,
आणि ती मागे न बघता म्हणते,
"रोग्वी, दुसरा."
तिला कसं कळतं कुणास ठाऊक.
फळ्या करकरत असतील.